कोबोके : एकट्याने, कयाकने, सप्टेंबर संपायच्या आत

२ ऑगस्ट, सकाळ

ठरलं. कोबोकेची घळ मी उतरणार. एकट्याने. कयाकने. सप्टेंबर संपायच्या आत.

आजपासून ही रोजनिशी. ती कुणी वाचायची नाही. बाबा, वाचत असाल तर निदान लाज वाटू द्या.

कारण आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे इतिहासाला शोधत बसायला नको. कारण मिओरी. राफ्टिंगवाल्यांकडची गाइड. काल त्यांच्या जेवणासाठी कोन्याकूच्या लाद्या पोचवायला बाबांनी मला पाठवलं. (आमच्या घराण्याने तीन पिढ्या कंद किसले, चुना घातला, थलथलीत लाद्या पाडल्या. एकानेही नदीकडे मान वर करून पाहिलं नाही.) ती नुकतीच नदीवरून आली होती. केसांतून पाणी गळतंय आणि एका हाताने अख्खी राफ्ट ओढतेय. मी लाद्यांचं खोकं स्वतःच्या पायावर पाडलं. लागलं का, तिने विचारलं. मी म्हणालो, छे, कोन्याकूच आहे, मऊ असतं. ती हसली. मग म्हणाली, "इथलेच ना तुम्ही? नदीत कधी दिसला नाहीत. एकदा नक्की या."

एकदा. नक्की. या.

क्योइची म्हणतो, ती त्यालाही असंच म्हणाली होती. क्योइची पोस्टमन आहे. पोस्टमनला लोक काहीही म्हणतात.

पण त्यानेच दुसरी बातमी दिली. एक ऑक्टोबरला मिओरी होक्काइदोला चालली. तिकडच्या नदीवर, कायमची. म्हणजे माझ्या हातात दोन महिने. तेवढ्यात नदी उतरायची, घळीच्या तोंडाशी, पुलाखालच्या शांत डोहात बाहेर यायचं, हेल्मेट काढायचं, केस झटकायचे आणि तिला सांगायचं. काय सांगायचं ते नदीच सुचवेल.

३ ऑगस्ट

प्लॅनिंगचा दिवस. भिंतीवर नकाशा लावला.

आमच्याकडे म्हातारे सांगतात, शेजारची घळ ओबोके म्हणजे लांब ढांगा टाकल्या तर धोका आणि कोबोके म्हणजे लहान टाकल्या तरी धोका. मी ढांगाच टाकणार नाही, बसून जाणार. हा मुद्दा इतक्या शतकांत कुणाला सुचला नाही.

घळीतल्या खळाळांना गाइडांची आपली नावं आहेत. मला ती पसंत नाहीत. मी नवी दिली. सगळ्यात वाईट, जिथे पाणी खडकावर आपटून मागे फिरतं आणि माणसाला धरून ठेवतं, त्याचं नाव प्रोफेसर काशिवाबारा. (ओसाकाला दुसऱ्या वर्षी द्रवगतिशास्त्राच्या पेपरात मी लिहिलं होतं, "पाणी काय करेल हे पाण्यालाच ठाऊक." शून्य दिलं. मी वर्गात उभा राहून म्हणालो, यात चूक काय ते सांगा. ते म्हणाले, यात उत्तर काय ते तू सांग. मी दप्तर उचललं, ते थेट घरी आलो. कॉलेज मी सोडलं. कॉलेजने मला नाही.) सुरुवातीचा, अगदी किरकोळ, नुसता कुरकुर करणारा खळाळ : बाबा.

"प्रोफेसर" कसा पार करायचा, त्याचा बाण लाल पेनने काढला. बाण झकास आला आहे.

५ ऑगस्ट

क्योइचीकडून कयाक आणली. त्याच्या थोरल्या भावाची, कधीकाळी लाल असावी, आता आजारी गुलाबी. आत गोमेचं घर होतं. गोम घर सोडायला तयार नव्हती. शेवटी मीच बाजूला झालो.

क्योइचीने एक अट घातली : आधी रोल शिक. उलटलास की कंबरेच्या झटक्याने बोटीसकट सरळ व्हायचं, ते. मी म्हणालो, रोल उलटणाऱ्यांसाठी असतो. तो म्हणाला, "शुन, सगळे उलटतात रे. नदी काय तुझी मावशी आहे?" मी म्हणालो, असल्या मनोवृत्तीमुळेच तू पोस्टात आहेस. तो म्हणाला, "आणि तू कुठे आहेस?"

दार आपटून घरी आलो. म्हणजे आपटायला गेलो. सरकतं कागदी दार आपटता येत नाही, ही आमच्याकडच्या घरांची मोठीच गैरसोय. नुसतं सुळ्ळकन सरकतं आणि राग आतल्या आत राहतो.

६ ऑगस्ट

रोलची प्रॅक्टिस. क्योइची म्हणाला म्हणून नव्हे. कयाकमध्ये अंग कसं वळतं याचं शास्त्रीय निरीक्षण म्हणून.

नदीत कशाला, लोक बघतात. लाद्या गार करायच्या हौदात केली. हौदात कयाक मावत नाही, म्हणून नुसताच मी, वल्हं घेऊन, कल्पनेच्या बोटीत. उलटा झालो. कोन्याकूच्या लाद्या चहूबाजूंनी येऊन हळूच गालांना लागत होत्या. त्या अंधाऱ्या थलथलाटात मिओरीचा चेहरा दिसला. मग बाबांचा दिसला. तो खरा होता.

बाबा म्हणाले, "माल नासला तर तुलाच खायला लावीन." मग पुढे, "कोन्याकू दाबलं की पुन्हा वर येतं. तुला दाबलं की तू बोलायला लागतोस."

हौद धुऊन काढावा लागला. चुन्याने डोळे चुरचुरतायत. पण कंबरेत काहीतरी जागं झालंय.

९ ऑगस्ट

ऊन. प्रॅक्टिस नाही. मोठे लोक उन्हात शक्ती वाया घालवत नाहीत.

केसांचा प्रश्न लक्षात आला. हेल्मेट काढल्यावर केस डोक्याला चिकटलेले असणार. मग झटकायचे काय? आरशासमोर भांड्याने पाणी ओतून डोकं ओलं करून चार प्रकार करून पाहिले. मागे झटकले की बरे दिसतात. पुढे झटकले की भाजलेल्या सुरमईसारखा दिसतो. फायनल : मागे.

१३ ऑगस्ट

ओबोन. पितर घरी आले. दारात आईसाठी कंदील लावला.

शेजारच्या किनुआजी, सोबा नूडल्सच्या दुकानवाल्या, खास बजावून गेल्या : या दिवसांत पाण्यात उतरायचं नाही, पाण्यात मेलेले पाय धरून खाली ओढतात. मी आधुनिक माणूस. पण परंपरेचा मान राखायला हवा. म्हणून आज नदी नाही. उद्या नाही. परवाही नाही.

दुपारी पुलावरून पाहिलं. मिओरी गिऱ्हाइकांची राफ्ट घेऊन दणादण खाली जात होती. तिने वर पाहून वल्हं हलवलं. पितरांनी तिला काही केलं नाही. पितरांनाही डोळे असतात.

१९ ऑगस्ट

घोटाळा झाला.

सकाळी कयाक अंगणात वाळत घातली होती. किनुआजींनी विचारलं, हे काय रे, न्हाणीची पन्हळ का? माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणालो, "कोबोके उतरणार आहे. एकटा."

बस्स. आमच्या वस्तीत कुणी प्रवासाला निघतोय म्हटलं की निरोपाची भेट द्यायची, हा धर्म. देणाऱ्याला ती दिलीच पाहिजे, घेणाऱ्याला घेतलीच पाहिजे. आणि घेतली की जायलाच पाहिजे, आणि तिकडून प्रत्येकासाठी काहीतरी आणायलाच पाहिजे. किनुआजी तासाभरात खारवलेल्या आलुबुखारांची बरणी घेऊन आल्या, वर देवळातला ताईत. पाहतो तर सुखरूप बाळंतपणाचा. मी म्हणालो, आजी, हा कसला. त्या म्हणाल्या, "घरात हाच होता. डोकं आधी बाहेर यायला पाहिजे, हे दोन्हीकडे सारखंच."

संध्याकाळपर्यंत : पायमोजे, डासांची उदबत्ती, लोकरीचा पोटपट्टा, सुकवलेले मासे, आणि न्हाव्याकडून कंगवा. (कंगवा उपयोगी. नोंद.)

आता मागे फिरणं नाही. तसंही कोण फिरत होतं?

प्रश्न एवढाच की तिकडून आणायचं काय? कोबोके आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतं.

२४ ऑगस्ट

घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवर माझं नाव लागलं. "काचेच्या बाटल्यांचा कचरा : दुसरा बुधवार. रानडुकरांपासून सावध राहा. कोन्याकूवाल्यांचा शुनपेई नदी उतरणार : २७ सप्टेंबर, पाऊस असल्यास पुढे." प्रत्येक घरचा शिक्का खाली. मला वाचूनच गरगरलं. आनंदाने.

बाबांनी शिक्का मारला आणि पाटी पुढे दिली. त्यांचं न बोलणं मला लागतं.

१ सप्टेंबर

पहिल्यांदा खऱ्या पाण्यावर. डोहात, जिथे बदकंसुद्धा झोपतात.

कयाकमध्ये दोष आहे. सरळ जातच नाही. नुसती गोल गोल फिरते. क्योइची काठावर भातगोळा खात बसला होता. म्हणे, "वा शुन, भोवरे नव्हते इथे, तू आणलेस."

तेवढ्यात वरून राफ्ट आली. मिओरी. मी ताठ बसलो, चेहरा कठोर केला आणि फिरतच राहिलो. ती जाता जाता ओरडली, "कंबर सैल सोडा!"

ती माझ्या कंबरेबद्दल बोलली.

२ सप्टेंबर

कंबरेचा विचार.

गाइडला गिऱ्हाइकाच्या कंबरेचं काय? काहीच नाही. आणि मी तर गिऱ्हाईकसुद्धा नाही. म्हणजे आपुलकी. शिवाय "सोडा" म्हणाली, "सोडाल का" नाही. हक्क दिसतो.

क्योइचीला सांगितलं. तो इतका हसला की त्याच्या पिशवीतली पत्रं रस्त्यावर सांडली. गोळा करायला मी हात लावला नाही.

११ सप्टेंबर

वादळ. नदी चॉकलेटी झाली आहे आणि अख्खी झाडं वाहून नेते आहे. राफ्टिंग बंद. सगळी वस्ती खिडक्यांत. मी पावसात पुलावर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, आत्ता जाऊ दिलं असतं तर गेलो असतो. कुणी अडवत नव्हतं, ही वेगळी गोष्ट.

क्योइची म्हणाला, "जा की. कयाक आणून देऊ?" मग भांडण. मी त्याला भित्रा म्हणालो. तो म्हणाला, "मी भितो, म्हणून जिवंत आहे आणि कयाक माझ्या भावाची आहे." आणि छत्री मिटून, भिजत, कयाक डोक्यावर घेऊन गेला.

ने म्हणावं. मी दुसरी बघतो.

१४ सप्टेंबर

जगात दुसरी कयाक नाही.

क्योइचीकडे कोन्याकूचं खोकं पोचवलं. माफी मागायला नाही. डिलिव्हरी होती. ऑर्डर त्याने दिली नव्हती, तो भाग निराळा. तो म्हणाला, "ही माफी आहे का?" मी म्हणालो, हे कोन्याकू आहे. तो म्हणाला, "बरं, कोन्याकू स्वीकारलं." कयाक परत आली. गोमही परत आली.

१८ सप्टेंबर

भेटवस्तूंचा प्रश्न सुटला. स्टेशनजवळचा मिठाईवाला गोड पुरणाचे वाफेवरचे बन करतो, वर "कोबोके" असा छाप. दर घरामागे एक खोकं. पण तो परवापासून मुलीकडे चाललाय, महिनाअखेरपर्यंत दुकान बंद. म्हणाला, नेणार तर आत्ता ने. घेऊन टाकले. आधी भेटी, मग प्रवास. याला म्हणतात प्लॅनिंग. प्रोफेसर काशिवाबारांना जन्मात जमलं नसतं.

खोकी माझ्या खोलीत छतापर्यंत. झोपताना पाय बाहेर काढावे लागतात.

२३ सप्टेंबर

खोक्याच्या तळाशी तारीख सापडली. पंचवीस सप्टेंबरपर्यंत खावेत.

मी सत्तावीसला जाणार. शिळी मिठाई वाटणं म्हणजे आमच्याकडे शिवी देणं. बाबा म्हणाले, "मग खा सगळी." एक खोकं संपवलं. आता मला पुरण या शब्दाचाही राग येतो.

ठरलं : उद्या वाटायचे. प्रत्येकाला स्पष्ट सांगायचं की हे ॲडव्हान्स आहेत.

२४ सप्टेंबर

घोटाळा नंबर दोन. हा थोर आहे.

पहिलं घर किनुआजींचं. दार उघडलं, खोकं पाहिलं आणि आजी कमरेत वाकल्या. "सुखरूप आलास रे बाबा!" मी म्हणालो, आजी, मी अजून गेलोच नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी. आत हाक मारून सुनेला म्हणाल्या, "बघ, बघ, एवढं करून म्हणतो गेलोच नाही. हल्लीच्या पोरांत कुठे राहिलाय असा नम्रपणा!"

पुढच्या घरी आवाज चढवून सांगितलं, अहो खरंच गेलो नाही! म्हातारे म्हणाले, हो हो, आम्हीही तरुणपणी काही केलं नव्हतं, आणि डोळा मारला. पाटीवर तर सत्तावीस लिहिलंय, मी म्हणालो; म्हणे, गाजावाजा नको म्हणून आधीच जाऊन आलास, कळतं आम्हाला. न्हाव्याने तर माझे खांदे दाबून पाहिले, म्हणे वल्ह्याने दंड भरलेत.

आमच्याकडे मोठं काम करून आलेला माणूस "काहीच नाही केलं" असंच म्हणतो. मग ज्याने खरोखरच काही केलं नाही त्याने म्हणायचं काय? याची भाषाच नाही. शेवटच्या तीन घरांत मी नुसती मान खाली घातली. तिथे सगळ्यात जास्त कौतुक झालं.

म्हणजे हिशेब मिटला. भेटी आल्या, भेटी गेल्या, नदी उतरून झाली. न भिजता.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बसल्या जागी नदी उतरलास. कॉलेजही असंच केलं होतंस."

मी दार आपटायला गेलो. सुळ्ळ.

२५ सप्टेंबर

मिओरी दुकानात आली! स्वतः! मी चुन्याने पांढरा, डोक्यावर जाळी.

म्हणाली, "ऐकलं मी. कोबोके, एकट्याने. मला बोलला नाहीत!"

शपथेवर सांगतो, मी म्हणालो, "छे, तसं काही नाही." हे शब्दशः खरं होतं. ती म्हणाली, "खरे कयाकवाले असंच म्हणतात." तिचे डोळे असे चमकले की मला पुढचं खरं बोलायचं सुचलंच नाही. वेळही नव्हता. असता तरी...

मग ती म्हणाली : रविवारी माझी शेवटची फेरी. गिऱ्हाईक नाहीत, फक्त आम्ही गाइड. तुम्ही पण या ना, तुमच्या कयाकने.

मी हो म्हणालो. नाही म्हणणारा माणूस त्या वेळी दुकानात नव्हता. बाबा होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

नाचलो. लाद्या कापायच्या सुरीसकट. बाबांनी सुरी काढून घेतली. म्हणाले, "तिला सांग." मी म्हणालो, काय? ते म्हणाले, "तुला माहीत आहे काय." मग बराच वेळ कंद किसत राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी खोल आहे, शुन."

म्हाताऱ्यांना प्रेमातलं काही कळत नाही.

२७ सप्टेंबर, पहाट

झोप नाही. भीती नाही.

नकाशा पाहिला. लाल बाण अजूनही झकास आहे. लोकरीचा पोटपट्टा बांधला. कंबर सैल. केस : मागे.

२७ सप्टेंबर, दुपार

जिवंत. नीट लिहितो.

वस्ती निघायच्या जागी, काठावर जमली होती. त्यांच्या लेखी मी एकदा उतरलेलोच, आता फक्त मौज म्हणून चाललोय. किनुआजी सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या शुनला ही नदी म्हणजे अंगण." गाइड लोक राफ्टमध्ये. मिओरी पुढे, लाल हेल्मेट. म्हणाली, "तुम्हाला वाट ठाऊकच आहे, मागून या." आणि निघाली.

मी "बाबा"मध्ये उलटलो.

"प्रोफेसर"पर्यंत पोचलोच नाही. "बाबा". त्या किरकोळ, कुरकुर करणाऱ्या, गुडघाभर वाटणाऱ्या "बाबा"मध्ये. पाणी कुरकुरत नव्हतं. एकदम गप्प झालं, मी खाली डोकं वर पाय, नाकात अख्खी योशिनो नदी. कंबरेचा झटका दिला. कंबर इतकी सैल होती की झटका पोचलाच नाही. मग बोटीतून निसटलो आणि वाहायला लागलो. इथे एक खरं लिहून ठेवतो : त्या क्षणी मला मिओरी आठवली नाही. कंद किसण्याचा आवाज आठवला.

वर आलो तर काठच्या खडकावर क्योइची! दोराची पिशवी घेऊन! मला न सांगता पहाटेपासून बसला होता म्हणे. त्याने दोर टाकला, थेट खांद्यावर पडला.

मी तो धरला नाही.

मला क्योइचीच्या दोराने वाचायचं नव्हतं. पुढे मिओरी होती, तिच्याकडेही दोर असणार. तिचाच धरणार होतो. मी तसं ओरडूनही सांगितलं. क्योइची ओरडला, "अरे गाढवा, धर!" मी ओरडलो, "तुझा नको!" मग एक लाट तोंडात गेली, कपाळ खडकाला घासून गेलं, आणि क्योइचीने दुसऱ्यांदा टाकला तेव्हा मी तो दातांनीसुद्धा धरला असता.

त्याने ओढून काढलं. शिव्या देत होता आणि रडत होता. मी म्हणालो, रडतोस काय. तो म्हणाला, "पाणी उडालंय डोळ्यात."

आजारी गुलाबी कयाक एकटीच पुढे गेली. सगळे खळाळ नीट उतरली. "प्रोफेसर"सुद्धा, सरळ, लाल बाणावरून. गाइडांनी तिला डोहात धरलं, रिकामी.

मग मिओरी काठाकाठाने, खडकांवरून धावत परत आली. मी पाणी ओकत होतो. तिने विचारलं, "तुम्ही ही नदी कधीच उतरला नव्हतात ना?"

मी म्हणालो, "या पातळीला नाही."

ती हसली नाही. पहिल्यांदा हसली नाही. गुडघे टेकून बसली, माझ्या कपाळाची जखम पाहिली, रुमाल दाबून धरला. म्हणाली, मला दाखवायला आलात? मी पुढचं पाणी बघत होते. तुम्ही उलटलात ते मी पाहिलंच नाही. रिकामी बोट आली तेव्हा कळलं. मग तिचा आवाज थोडा फाटला. "रिकामी बोट येताना बघायची नसते हो मला."

तेव्हा मी सांगून टाकलं. हेल्मेट डोक्यातच होतं, केस कुठेच नव्हते, नाकातून नदी वाहत होती. म्हणालो, मला तुम्ही आवडता, पहिल्या दिवसापासून, खोकं पायावर पडलं तेव्हापासून.

तिने रुमाल माझ्या हातात दिला. मग हळू म्हणाली, "विचार करते."

२८ सप्टेंबर

डोक्याला पट्टी. पण मन गगनात.

आमच्याकडे "विचार करते" म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सरकारी कचेरीत म्हणतात, सासरकडचे म्हणतात, दुकानदार म्हणतात. पण मिओरी मूळची तोक्योजवळची. तिकडे लोक खरंच विचार करत असतील.

वस्तीत माझी कीर्ती आणखी वाढली आहे. किनुआजींनी उलगडा केला : "एवढी घळ उतरलेला पोरगा त्या टीचभर पाण्यात उलटेल का? मुद्दाम उलटला. जाणाऱ्या पोरीला निरोपाच्या दिवशी कुणाला तरी वाचवायचा मान मिळावा म्हणून. पण मध्येच पोस्टमन कडमडला." क्योइचीशी आता वस्तीत कुणी धड बोलत नाही.

मी त्याला भेटायला गेलो. म्हणालो, दोर बरा टाकतोस. तो म्हणाला, "ही माफी आहे का?" मी म्हणालो, हो.

दोघांनाही कसंसंच झालं. लगेच भांडण उकरून काढलं.

३० सप्टेंबर

तिचा विचार चालू आहे. घाई करत नाही. होक्काइदोला कोन्याकूचं दुकान चालेल का याचा अंदाज घेतोय. तिकडे थंडी फार, गरम रस्स्यातलं कोन्याकू हमखास खपेल. नकाशा नवा लावला.

उद्या सकाळच्या गाडीने ती निघणार. उत्तर उद्याच. स्टेशनवर आधी पोचायचं, एक डब्याची गाडी आहे, चुकायचा प्रश्नच नाही.

१ ऑक्टोबर

झोपून राहिलो.

उठून खाली आलो तर बाबा म्हणाले, "ती गाइड मुलगी येऊन गेली. वाकून निरोप घेतला. तुला उठवू का विचारलं, तर म्हणाली, नको, डोक्याला लागलंय, झोपू द्या." आणि दोन चपटी पुडकी पुढे केली. एकावर "दुकानासाठी". एकावर तिच्या अक्षरात, "शुनपेई-सान".

पुडकं घेऊन वर गेलो. लगेच उघडलं नाही. हाताला मऊ लागत होतं. पत्र इतकं मऊ नसतं, पण आत पत्र गुंडाळलेलं असू शकतं. मोठ्या विचारांना मोठी घडी लागते.

उघडलं. हात पुसायचा टॉवेल. निळ्या लाटा. खाली छापलेलं : "आजवरच्या सहवासाबद्दल मनापासून आभार."

झटकून पाहिला. उलटून पाहिला. उजेडात धरला.

बाहेर पडलो. किनुआजींच्या गळ्यात निळ्या लाटा. न्हाव्याच्या खुर्चीवर निळ्या लाटा. क्योइची पोस्टाच्या स्कूटरची सीट पुसत होता, निळ्या लाटांनी. माझ्याकडे पाहून त्याने तो पटकन पिशवीत कोंबला. एक टिंगल केली नाही. तेव्हा मला सगळं कळलं.

तरी माझ्या पुडक्यावर नाव होतं. क्योइचीने, न विचारता, सांगितलं की त्याच्यावरही होतं.

परत आलो तर बाबा कढईपाशी, दुकानासाठीचा टॉवेल कुठेच नाही. आणि माझा? मी जिन्यावर ठेवला होता तो? म्हणाले, रस उतू गेला, हाताला आला तो घेतला, चांगलं पाणी पितो रे हा. दोन्ही धुऊन मागे वाळत घातलेत.

मागे गेलो. शेजारी शेजारी दोन. सारख्या लाटा. माझा कुठला, सांगता येईना. वास घेऊन पाहिला. दोन्हींना चुन्याचा.

बाबांना हाक मारून विचारलं. ते आतून म्हणाले, "घे कुठलाही."

बराच वेळ खाली उभा राहिलो. मग जो वाळला होता तो घेतला.